टाकीखालची सुरकुती आधी बघा, मग ४२ हजारांचं ठरवा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी सांगतो, काही चुकत असेल तर दुरुस्त करा. गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, २०२१ची, बीएस६. आष्ट्याजवळ रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली, ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. मनगट मोडलं, पण बाकी तुम्ही धड आहात, हे सगळ्यात महत्त्वाचं. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, १ लाख ३२ हजार, पॉलिसी झिरो डेपची, म्हणजे पार्टवर घसारा न कापणारी, सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट १ लाख ८ हजार. विमा कंपनी टोटल लॉस म्हणते, म्हणजे दुरुस्ती न करता आयडीव्हीचे पैसे देणार. भंगाराला ४२ हजारांची बोली आली आहे आणि गाडी तुम्हालाच ठेवायची असेल तर तेवढे कापून बाकीचे देऊ म्हणतात. तुमच्या ओळखीचे फिटर ४५ हजारांत गाडी उभी करून देतो म्हणतात. तशीच न पडलेली गाडी सांगलीत सव्वा लाखाला सांगतायत. मग ठेवावी का सोडावी?

शेवटी जाता जाता तुम्ही फोटो जोडून लिहिलंय, की टाकीच्या खाली चेसिसच्या रंगाला बारीक सुरकुती दिसते, पण फिटर म्हणतात त्याचं काही नाही. माझं अर्ध्याहून जास्त उत्तर त्या वाक्याबद्दल आहे. कोल्हापुरात माझं दुचाकीचं गॅरेज आहे आणि ठोकलेल्या गाड्या हेच आमचं मुख्य काम आहे, त्यामुळे असली सुरकुती ऐकली की मला बाकीचं काही सुचत नाही. तरी आधी पैशांचं बघू, कारण तिथंही एक गल्लत होते आहे असं वाटतं.

पॉलिसीच्या अटींप्रमाणे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये धरतात. तुमच्या बाबतीत ती रेघ ९९ हजारांवर येते. झिरो डेप नसती तर प्लास्टिक-रबरावर ५० टक्के आणि लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापून कंपनीचा आकडा कदाचित रेघेच्या आत आला असता आणि क्लेम दुरुस्तीचा झाला असता. तुमची पॉलिसी झिरो डेपची म्हणून अख्खं एस्टिमेट मोजलं गेलं. तरीही विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडे असेसमेंटचा, म्हणजे त्यानं मान्य केलेल्या खर्चाचा, कागद मागा. एस्टिमेट आणि असेसमेंट हे दोन वेगळे आकडे असतात, आणि तुमचा निर्णय दुसऱ्यावर ठरतो.

आता दोन रस्ते. गाडी सोडली तर १ लाख ३२ हजारांतून सक्तीचे १०० रुपये कापून १,३१,९०० मिळतील. ठेवली तर ८९,९००. म्हणजे ठेवणं याचा अर्थ ४२ हजार मोजून एक ठोकलेली हिमालयन विकत घेणं. हे पैसे तुमच्या हातून जाताना दिसत नाहीत, म्हणून गाडी फुकट परत मिळाल्यासारखी वाटते. हीच गाडी, याच अवस्थेत, मिरजेत एखाद्या अनोळखी माणसाच्या दारात उभी असती आणि त्यानं ४२ हजार सांगितले असते, तर तुम्ही घेतली असती का? ‘हो’ म्हणायला तुम्हाला काय काय तपासावं लागलं असतं? तेवढं सगळं आता तपासा. गाडी तीन वर्षं तुमच्याकडे होती, पण धडकेनंतरची गाडी तुम्हालाही नवीनच आहे.

बोली चांगली आली म्हणजे गाडी चांगली आहे, असंही धरू नका. भंगारवाला गाडी चालवायला घेत नाही. इंजिन, मागचं चाक, सायलेन्सर, एबीएसचं युनिट, मीटर असं सुटं विकून त्याचे पैसे निघतात. चेसिस वाकडी असली तरी त्याचा हिशेब बिघडत नाही, तुमचा बिघडतो. आणि काही बोल्या निव्वळ कागदांमुळे चढतात, त्याकडे शेवटी येतो.

आता सुरकुती. चालती गाडी ट्रॉलीला मागून धडकते तेव्हा पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि इंजिन, टाकी, बसलेला माणूस हे सगळं वजन पुढं जात राहतं. मार आधी रिमवर येतो, मग पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे पाइप मागं वाकतात, मग ते दोन्ही पाइप एकत्र धरणारी खालची टी, आणि तिथंही जोर संपला नाही तर चेसिसची मान, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं ती पुढची नळी. मानेचा खालचा भाग मागं ढकलला जातो आणि वरचा पुढं खेचला जातो. त्यामुळे मानेमागून टाकीखालून जाणारी नळी वरच्या अंगाला ताणली जाते आणि खालच्या अंगाला दाबली जाते. दाबलेल्या नळीची भिंत आत-बाहेर होते आणि तिच्यावरच्या रंगाला आडव्या बारीक रेघा पडतात. मानेखालून इंजिनच्या पुढं उतरणारी नळी आहे ना, तिच्यावरही मानेपासून चार बोटं खाली असंच दिसू शकतं. रगड लागली तर रंग खरवडतो, दगड लागला तर टवका उडतो. सुरकुती मात्र खालचं लोखंड हलल्याशिवाय सहसा पडत नाही.

फोटोवरून मी शपथ घेणार नाही. कधी क्लचची केबल किंवा वायरिंगचा पट्टा घासूनही तसा भास होतो. म्हणून सीट आणि टाकी उतरवायला लावा आणि तुम्ही स्वतः तिथं थांबा. ती जागा रॉकेलनं स्वच्छ पुसा. बॅटरीचा उजेड समोरून न मारता नळीच्या कडेनं, आडवा मारा. लोखंडाला लाट असेल तर सावली पडते. मग डोळे मिटून अंगठ्याचं नख नळीच्या लांबीनं फिरवा. नख गुळगुळीत गेलं तर अर्धा घोर मिटला. अडखळलं तर रंग काढून लाल डाय मारा, ती पुसून वर पांढरी पावडर फवारून बघा. जोडाजवळ चीर असेल तर पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ उमटते. आमच्याकडे उद्यमनगरात कास्टिंग तपासायला हे रोजच वापरतात, सांगली-मिरजेच्या एमआयडीसीतही कुणी ना कुणी करून देईल.

याच्या जोडीला मापं घ्या. मानेच्या मध्यापासून चिमट्याच्या (मागचं चाक धरतो तो) बोल्टपर्यंत डावं आणि उजवं अंतर मोजा. दोन्ही सारखं आलं तर मान बाजूला वळलेली नाही, एवढंच कळतं. तुमची धडक सरळ आहे, मान मागं गेली असेल तर दोन्ही बाजूंनी सारखीच गेली असेल आणि हे माप तुम्हाला फसवेल. त्यासाठी कुणा मित्राची, न पडलेली तशीच गाडी शेजारी उभी करा आणि मानेतल्या खालच्या बेअरिंगच्या कपाच्या कडेपासून इंजिनच्या पुढच्या माउंटिंग बोल्टपर्यंतचं अंतर दोन्ही गाड्यांवर घ्या. फरक दोन-तीन मिलिमीटर निघाला तरी तो थोडा समजू नका. मानेपासून चाकाच्या आसापर्यंत पाऊण मीटर अंतर धरलं तर मानेतला एक अंशाचा फरक आसाजवळ साधारण १३ मिलिमीटरचा होतो. तेवढ्यानं गाडी सरळ रस्त्यावर चालेल, फिटर एक चक्कर मारून ‘मस्त आहे’ म्हणतीलही. मागं सामान, सोबत माणूस आणि फोंडा घाटातला उतार असेल तेव्हा हँडल हलकं पडतं आणि गाडी आपण सांगू तिथं जात नाही.

आणखी एक सोपी खूण. इंजिनचे माउंटिंग बोल्ट ढिले केल्यावर हातानं किंवा हलक्या टिचकीनं सरकून बाहेर यायला हवेत. गंज नसतानाही हातोड्यानं ठोकून काढावे लागले तर भोकं एका रेषेत राहिलेली नसावीत. तसंच, हँडल पूर्ण वळवल्यावर अडतं तो स्टॉपर तुटलाय का, टाकीवर हँडलचा खड्डा पडलाय का, तेही बघा. दोन्ही असेल तर धडकेच्या वेळी हँडल मर्यादेबाहेर फिरलं होतं आणि मानेवर पिळाचाही मार बसला आहे.

हे सगळं करायच्या आधी पाच मिनिटांचं एक काम आहे. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट काढा आणि त्यात फ्रेम किंवा चेसिस अशी ओळ आहे का बघा. ती असेल आणि सर्व्हेअरनं मान्य केली असेल, तर चेसिस वाकल्याचं दोन माणसांनी आधीच कागदावर मान्य केलंय. मग ‘त्याचं काही नाही’ याला अर्थ उरत नाही.

चेसिस ओढून सरळ करता येते का? साध्या पोलादी नळीची चेसिस, बाजूला थोडी गेलेली, जिगवर बांधून थंडच ओढली तर काही वेळा काम होतं, आम्हीही करतो. पण नळीला सुरकुती पडली की ती जागा कायमची कमजोर झाली. ती सपाट दिसायला लावतात, गॅसनं लाल करून, साखळीनं ओढून, वर लांबी, म्हणजे पुट्टी, आणि रंग मारून. लाल केलेल्या जागेची ताकद उतरते, आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात गाडी नेमकी तिथं वाकते. माझ्या गॅरेजात मानेजवळ सुरकुती असलेली चेसिस गरम करून दिली जात नाही. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालतं.

नवीन चेसिस बसवता येते. पण चेसिस नंबर मानेवरच असतो, त्यामुळे आरटीओची परवानगी, नंबर पंच करणं, आरसीवर नोंद, जुनी चेसिस दाखवणं, आणि अख्खी गाडी सुटी करून पुन्हा बांधणं हे सगळं आलं. तुमच्या आकड्यांत ते बसत नाही. आणि कुणी दुसऱ्या गाडीची चेसिस आणून तिच्यावर तुमचा नंबर मारून देतो म्हणालं तर तिथून उठून या. तो गुन्हा आहे.

आता ४५ हजार. तुमच्या फिटरवर माझा अविश्वास नाही, पण त्यांनी हा आकडा टाकी न उतरवता दिलाय. त्यांच्याकडून ओळवार लिहून घ्या. फोर्कचे पाइप नवीन की सरळ केलेले, खालची-वरची टी नवीन की तीच, कोन सेट (हँडलची बेअरिंग), पुढची रिम आणि तारा, डिस्क प्लेट, एबीएसचा सेन्सर आणि रिंग, ऑइल कूलर, हेडलाइट, मीटर, टाकी. माझा अंदाज असा, की पाइप आणि टी जुनीच धरली असेल तरच हा आकडा ४५ वर थांबतो. वाकलेला पाइप सरळ केला तर वरच्या क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा राहतात, ऑइल सील सारखं गळतं, आणि पाइप एकदा वाकला तिथंच पुन्हा वाकतो. टी तर सरळ करायचीच नसते. पाइप चांगलाच आहे असं ते म्हणत असतील तर जाड काचेवर तुमच्यासमोर लोळवायला सांगा. काच आणि पाइप यांच्यामधून उजेडाची फट उघड-मिट होताना दिसली की पाइप गेला. लेथवर डायल गेज लावून मोजलं तर उत्तमच. होंडाच्या मॅन्युअलमध्ये यासाठी ०.२ मिलिमीटरची मर्यादा असते, त्यावरून किती कमी वाक चालतो ते लक्षात घ्या.

रिमबद्दल तुम्हाला जास्त काळजी वाटतेय असं दिसतं, तिथं मात्र मी निवांत आहे. २१ इंची तारेचं चाक आहे. हब शाबूत असेल तर नवीन रिमवर तारा ओवून चांगला कारागीर चाक बांधून देतो.

ऑइल कूलरकडे मात्र नीट लक्ष द्या. तुमच्या गाडीत तो इंजिनच्या पुढं लोंबतो, म्हणजे समोरच्या धडकेत चाक मागं आलं की त्याच्यावरच जातं. पाइप फुटून ऑइल सांडलं असेल आणि इंजिन त्यानंतर चालू राहिलं असेल, किंवा कुणी ‘चालू होते का बघू’ म्हणून नंतर बटण दाबलं असेल, तर हेडमधलं कॅम आणि आतली बेअरिंग तपासल्याशिवाय इंजिन चांगलं धरू नका. त्या रात्री गाडी कुणी उचलली, कशी नेली, हे विचारून घ्या.

कुठलीही ठोकलेली गाडी उघडल्यावर पहिल्या आकड्यात आणखी भर पडतेच. मी गिऱ्हाइकाला पाव हिस्सा जास्तीचा बाजूला ठेवायला सांगतो. म्हणजे ४५ चे ५६-५७ हजार धरा.

आता जमा-खर्च समोर ठेवू. ४२ आणि ५७ मिळून ९९ हजार. सव्वा लाखाची गाडी टोटल लॉसमधून उठलेली आहे असं खरं सांगून विकायला काढली तर पाव किंमत तरी उतरते, म्हणजे ९४ हजारांच्या आसपास येते. आणि खरं सांगायचंच आहे. तुमची गाडी घेणारा उद्या त्याच घाटातून आपल्या बायको-पोरांना घेऊन उतरणार आहे. म्हणजे चेसिस पूर्ण चांगली निघाली तरी पैशात तुम्ही जेमतेम बरोबरीच्या खालीच राहता. स्वतः आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर तेवढा फरक सोसण्यासारखा आहे. दोन वर्षांत विकायची असेल तर नाही.

कागदांचं लवकर आटोपतो. कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेकडे वळते होतात, उरलेले तुम्हाला. टोटल लॉसचे पैसे मिळाले की ओन डॅमेजचं, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, कव्हर संपलं. नो क्लेम बोनसही गेला. गाडी ठेवणार असाल तर आरसी चालू राहणार की रद्द करायला लावणार, हे सेटलमेंटच्या पत्रात लेखी हवं. आरसी रद्द झालेली गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही, मग तुम्ही ४२ हजारांना फक्त पार्ट घेतलेत. थर्ड पार्टीची मुदत चालू राहते का तेही लेखी घ्या, आणि दुसऱ्या एक-दोन कंपन्यांना आधीच विचारा की दुरुस्तीनंतर तपासणी करून ओन डॅमेज देतील का, किती आयडीव्हीला. कुणीच देणार नसेल तर तोही खर्चच आहे. सर्व्हिस सेंटर ठेवलेल्या गाडीचं रोजचं भाडं लावतं का, तेही विचारून घ्या, नाहीतर तुम्ही विचार करताय तोवर तो आकडा चढत राहील.

मी ‘ठेवा’ म्हणतो तेही सांगतो, म्हणजे मी सरसकट सोडायलाच सांगतो असं वाटायला नको. फेअरिंगवाली गाडी घसरून आडवी झाली की प्लास्टिक, टाकी, हेडलाइट यांच्याच किमतीनं टोटल लॉस होते, चेसिसला मात्र धक्काही लागलेला नसतो. अशी गाडी मापं घेऊन खुशाल ठेवावी. सात-आठ वर्षांची स्प्लेंडर, आयडीव्हीच एवढी थोडी की किरकोळ धडकेतही ७५ टक्क्यांवर जाते; शेतावर, बाजाराला न्यायला ती दुरुस्त करून ठेवणं शहाणपणाचं. आणि १९९६ला बंद झालेली आरएक्स १०० असेल तर तिच्या बदल्यात दुसरी चांगली मिळणंच मुश्कील, तिथं हिशेब निराळा. तुमची गाडी यातल्या कशातच बसत नाही. समोरून धडकलीय, आयडीव्ही चांगली आहे, आणि तसल्या चांगल्या गाड्या तुमच्याच जिल्ह्यात विकायला आहेत.

तेव्हा माझं मत असं. टाकी उतरवा. नख अडखळलं, माप चुकलं किंवा एस्टिमेटमध्ये चेसिसची ओळ निघाली, तर गाडी सोडा. बोली २० हजारांपर्यंत उतरली तरी सोडा. सगळं स्वच्छ निघालं, फिटरनं नवीन पाइप आणि टी धरून आकडा लिहून दिला, आणि तुम्हाला ही गाडी लांबवर वापरायची आहे, तर ठेवायला माझी ना नाही. तुम्ही लिहिलंत की याच गाडीवर वडिलांना घेऊन स्पितीला गेला होतात. त्या ओढीला मी कमी लेखत नाही. पण त्याच कारणासाठी या गाडीवर पुन्हा वडिलांना बसवणार असाल तर मानेबद्दल पूर्ण खात्री हवी.

सोडायचं ठरलं तर घाईनं किल्ली देऊ नका. कंपनीकडून गाडी कोण उचलणार त्याचं नाव-पत्ता, ताबा दिल्याची तारीख-वेळ असलेली पावती घ्या. आरसी त्याच्या नावावर होणार असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर प्रत्यक्ष झालंय का हे परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघत राहा. रद्द व्हायची असेल तर आरटीओला लेखी कळवून पोच घ्या. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. २०१८च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की गाडी विकली असली तरी नोंद ज्याच्या नावावर, तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर. टोटल लॉसचे कागद आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला लावायला वापरतात, बोली चढते ती काही वेळा यासाठीच. तुमचं नाव आरसीवरून उतरेपर्यंत ती पावती आणि सेटलमेंटचं पत्र जपून ठेवा, आणि टूलबॉक्समधले कागद, गाडीत कुठं अडकवलेली दुसरी किल्ली, लावलेले पॅनियरचे स्टँड हे सगळं मनगटाचं प्लास्टर निघायची वाट न बघता भावाला पाठवून आजच काढून आणा.